लिस्बनच्या मित्राला

गेल्या दिवाळीच्या सुमारास लिस्बनहून माझ्या एका जुन्या मित्राचे पत्र आले. तो मूळचा मडगावचा. 1970 नंतर आम्ही दोघे बेळगावात एकाच वर्गात होतो. त्याचे वडील पोर्तुगीज अमदानीत जकात खात्यात कारकून होते. 1974 साली पोर्तुगालमध्ये क्रांती झाली, भारताशी संबंध पुन्हा जुळले आणि हा आपल्या काकांकडे गेला, तो तिकडचाच झाला. पत्र मात्र अजून मराठीत आणि हातानेच लिहितो.

या खेपेस पत्राचा सूर निराळा होता. 2022 मध्ये रशियाने युक्रेनमध्ये फौजा घातल्यापासून तिकडच्या मित्रमंडळींत त्याला एकच प्रश्न ऐकावा लागतो म्हणे : भारताने 1961 साली गोव्यात वेगळे काय केले? "अरे, गांधींचे नाव घ्यायचे आणि अनेक पटींनी मोठे सैन्य घेऊन चालून जायचे, हे कसे?" शेवटी कोकणीत एक ओळ होती : "आमकां कोणें विचारलें?"

मी रागाच्या भरात चार पाने लिहिली आणि दुसऱ्या दिवशी फाडून टाकली. आपला देश कधी चुकतच नाही, एवढेच त्यांत होते. मग शांतपणे बसलो. त्या उत्तरातला काही भाग विद्यार्थी मित्रांसाठी येथे देत आहे. कारण दर 19 डिसेंबरला आपण 'गोवा मुक्तिदिन' हा शब्द ऐकतो, पण कोणी उलट विचारले तर आपल्यापाशी घोषणेखेरीज काही नसते.

प्रथम लंगडी समर्थने बाजूला काढली. 'ते युद्ध नव्हतेच' हे त्यांतले एक. 17 डिसेंबरच्या रात्रीपासून भूदल, नौदल आणि विमानदल तिन्ही उतरले. दाभोळीच्या धावपट्टीवर बाँब पडले. भारताचे 22 आणि पोर्तुगालचे सुमारे 30 सैनिक मेले. त्याला युद्धच म्हणावे. दुसरे समर्थन म्हणजे नोव्हेंबरात अंजदीव बेटावरून 'साबरमती' बोटीवर झालेला गोळीबार. तो घडला हे खरे, पण ते निमित्त, कारण नव्हे. फेब्रुवारी 1962 मध्ये निवडणुका होत्या आणि संरक्षणमंत्री कृष्ण मेनन मुंबईतून उभे होते, हेही टीकाकारांनी तेव्हाच बोलून दाखवले होते. ती शंका मला अगदीच निराधार वाटत नाही.

मग उरते काय? उरतात ती चौदा वर्षे, आणि माझ्या मते सारे वजन तेथे आहे. भारताने 1949 मध्ये लिस्बनला वकिलात उघडली. फेब्रुवारी 1950 मध्ये गोव्याच्या भवितव्याविषयी बोलणी करावीत असा खलिता दिला. बोलण्यासारखे काही नाहीच, असे उत्तर मिळाले. 1951 मध्ये सालाझारच्या सरकारने घटनाच बदलली आणि वसाहतींना 'सागरापलीकडील प्रांत' हे नाव दिले. म्हणजे गोवा ही वसाहत नव्हे, पोर्तुगालच! घरच्या खोलीविषयी शेजाऱ्याशी कोण वाटाघाटी करतो? 1953 मध्ये भारताने वकिलात बंद केली.

राहिला गांधींचा मार्ग. तो वापरलाच नाही, असे मित्राला वाटते. 1946 मध्ये लोहियांनी मडगावात सभा घेतली, ती त्याच्याच गावी. 1954 मध्ये डॉ. पुंडलीक गायतोंडे यांनी म्हापशाच्या एका मेजवानीत निषेधाचा शब्द उच्चारला, तर त्यांना पकडून पोर्तुगालला नेण्यात आले. मे 1955 मध्ये नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट सत्याग्रही घेऊन आत शिरले. पुढे 15 ऑगस्टला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि वीसहून अधिक माणसे गेली. त्यानंतर नेहरूंनीच सत्याग्रह थांबवला आणि नाकेबंदी केली. कॅसलरॉकवरून मुरगावला जाणारी गाडी बंद पडली. या नाकेबंदीचा चटका लिस्बनला नव्हे, सामान्य गोवेकराला बसला, हे मित्राचे म्हणणे मी पत्रात मान्यच केले.

युक्रेनचे उदाहरण मात्र मला पटत नाही. युक्रेन हे जगाने मान्य केलेले स्वतंत्र राष्ट्र. गोव्याची नोंद संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर 1960 मध्ये स्वशासन नसलेल्या पोर्तुगीज प्रदेशांत केली होती, आणि पोर्तुगालने ती मानली नाही. 18 डिसेंबर 1961 ला सुरक्षा समितीत भारताने माघार घ्यावी असा ठराव आला, तेव्हा बाजूने सात मते पडली आणि विरुद्ध चार. त्या चारांत सोव्हिएत रशियाबरोबर सिलोन, लायबेरिया आणि इजिप्तचे संयुक्त अरब प्रजासत्ताक होते. ज्यांनी पारतंत्र्य पाहिले ते कोणत्या बाजूला बसले, हे मित्राने ध्यानात घ्यावे. अर्थात ठराव पडला तो रशियाच्या नकाराधिकाराने, आणि नकाराधिकार म्हणजे न्यायनिवाडा नव्हे. बळाचा वापर करू नये असे संयुक्त राष्ट्रांची सनद सांगते, आणि जगाला शांततेचे धडे देणाऱ्या आपल्याला ते कलम अडचणीचेच होते.

आता ती कोकणी ओळ. 'आम्हाला कोणी विचारले?' हा प्रश्न सीमाभागातल्या माणसाला ओळखीचा आहे, म्हणून मला तो अधिक टोचला. (याहून जास्त बोलत नाही, या अंकाला दोन विभाग आहेत.) पोर्तुगालने साडेचारशे वर्षांत विचारले नाही, हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. भारतानेही डिसेंबर 1961 मध्ये विचारले नाही. पुढे 1963 च्या डिसेंबरात निवडणूक झाली. 16 जानेवारी 1967 ला गोवेकरांना मात्र स्पष्ट विचारले गेले, तेही महाराष्ट्रात जायचे की वेगळे राहायचे एवढेच : 1,38,170 मते विलीनीकरणाला आणि 1,72,191 वेगळे राहण्याला. कौल दिल्लीने पाळला आणि 1987 मध्ये गोवा राज्य झाले. सालाझारच्या राज्यात असा कौल कोणी मागितला असता तर तो तुरुंगात गेला असता. पण भारतात यायचे की नाही हा प्रश्न मतपेटीत कधीच पडला नाही. तेथे मी मित्रापुढे निरुत्तर आहे आणि तसे त्याला लिहिले.

शेवटी गव्हर्नर जनरल वासालु इ सिल्व्हा यांची आठवण करून दिली. अखेरच्या माणसापर्यंत लढा, असा लिस्बनचा हुकूम होता. तो मोडून त्यांनी 19 डिसेंबरला शरणागती पत्करली आणि पणजी शहर वाचले. त्यांच्याच देशाने त्यांना सैन्यातून काढून टाकले. क्रांतीनंतर मान परत मिळाला. 1980 मध्ये ते पाहुणे म्हणून गोव्यात येऊन गेले.

मित्राचे उत्तर अद्याप आलेले नाही. त्याच्या वडिलांनी त्या दिवशी कचेरीत काय पाहिले, ते मी मुद्दाम विचारले आहे.