पाणलोटाच्या माथ्यावरचे अभयारण्य

बीड जिल्ह्यातील पाटोदा तालुका बालाघाटाच्या अशा माथ्यावर वसला आहे, की तेथे पडलेल्या पावसाच्या वाटा तेथेच फुटतात: सिंदफणा मंजरथपाशी गोदावरीस मिळते, मांजरा सातशेहून अधिक किलोमीटर वाहत जाऊन शेवटी गोदावरीतच विलीन होते, आणि सौताड्याच्या कड्यावरून झेपावणारी विंचरणा मात्र सीना-भीमेच्या मार्गाने कृष्णेच्या पदरी पडते. याच तालुक्यात, सुमारे ३० चौरस किलोमीटर क्षेत्रावर, १९९४ साली नायगाव मयूर अभयारण्य जाहीर झाले.

नावावरून ते केवळ मोरांसाठी राखलेले रान वाटेल. परंतु लांडोर अंडी कोठे घालते हे ज्याने पाहिले आहे, त्याला या रानाचा पाण्याशी असलेला संबंध निराळा समजावून सांगावा लागत नाही. काटेरी जाळीच्या बुंध्याशी, वाळक्या पाल्यात जमीन किंचित उकरून केलेल्या खळग्यात ती चार-सहा अंडी घालते आणि मातकट पिसांनी भुईशी एकरूप होऊन बसून राहते. तोच पाला, तेच गवत आणि त्याच जाळीची मुळे पावसाचा मारा आपल्या अंगावर घेऊन पाणी मुरमात जिरवतात. बेसुमार चराईने किंवा वणव्याने हे आच्छादन गेले, म्हणजे घरटे उघडे पडते, आणि काळ्या पाषाणावरचा मातीचा पातळ थर पहिल्याच वळवाबरोबर ओढ्यात उतरून पुढे धरणाच्या तळाशी गाळ होऊन बसतो.

मांजरेवर धनेगावला धरण आहे. ते आटल्यामुळे २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. नायगावच्या झाडीने ते संकट टळले असते, असा माझा दावा नाही. पावसानेच पाठ फिरवली होती. तथापि, पडेल तेवढा पाऊस माथ्यावर थोपवण्याचे काम जे रान निमूटपणे करते, त्याची गणना सिंचनाच्या दफ्तरी कोठेच होऊ नये, याची मला खंत वाटते. हीच नदी पुढे तेलंगणात संगारेड्डीजवळ मगरींच्या मंजिरा अभयारण्यातून वाहते आणि तेथील जलाशयाचे पाणी हैदराबादच्या नळांना पोहोचते. तेथे अभयारण्य आणि पाणीपुरवठा यांचे नाते सामान्य माणसालाही डोळ्यांनी दिसते.

पाटोद्याच्या गुराख्याला ते दिसावे, तर चराईबंदीबरोबर पावसाळ्यानंतर गवत विळ्याने कापून नेण्याची मुभा त्याला मिळाली पाहिजे. दुष्काळी मुलखात वैरणीची सोय न करता घातलेली सरहद्द गुरे मानत नाहीत, आणि उपाशी गुरांच्या धन्याकडून ती मानली जावी, ही अपेक्षाही न्याय्य नव्हे.