मेंदूची बायपास: वर्गणी गोळा करण्याआधी समजून घेऊ

लकव्याच्या रुग्णाच्या तपासणीत ‘मेंदूकडे जाणारी नस चोंदली आहे’ असे निघाले, की घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: मग बायपास करता येईल का? हृदयाची बायपास आता गावोगावी माहीत आहे. मेंदूचेही तसेच असणार, असे सगळे धरून चालतात. मग व्हॉट्सॲप ग्रुपवर मदतीचे आवाहन फिरते, कुणी दागिने गहाण ठेवते, कुणी सावकाराकडे जाते. पैसे जमले नाहीत, तर ‘आपण वडिलांसाठी कमी पडलो’ ही खंत मुलांच्या मनात वर्षानुवर्षे राहते.

अशा वेळी रुग्णाबरोबर दवाखान्यात जाणारा कार्यकर्ता काय सांगतो, याला फार महत्त्व आहे. आम्ही डॉक्टर नाही आणि हा लेख डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही. पण या प्रश्नावर जगात मोठे अभ्यास झाले आहेत आणि त्यांचे निष्कर्ष आपल्यापर्यंत पोचायला हवेत. उत्तर आधीच सांगतो: चरबी साचून नस अरुंद झालेल्या बहुतेक रुग्णांमध्ये मेंदूची बायपास चांगल्या औषधोपचारापेक्षा सरस असल्याचे सिद्ध झालेले नाही. काही मोजक्या आजारांत मात्र ती खरोखर उपयोगी आहे.

नस अरुंद होते म्हणजे काय?

दर पाच लकव्यांपैकी साधारण चार लकवे मेंदूचा रक्तपुरवठा अडल्याने होतात. उरलेले रक्तवाहिनी फुटल्याने होतात. उच्च रक्तदाब, मधुमेह, तंबाखू आणि वाढलेले कोलेस्टेरॉल यांमुळे रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीवर चरबीचा थर बसतो. वाट अरुंद होते, तिथे रक्ताची गुठळी तयार होते आणि ती पुढे वाहत जाऊन लहान नस बंद करते. कवटीच्या आतल्या नसा अशा अरुंद होण्याचे प्रमाण युरोपीय लोकांपेक्षा आपल्या आशियाई लोकांमध्ये जास्त आढळते. म्हणून हा विषय आपल्या घरातला आहे.

शस्त्रक्रिया कशी होते?

कानाच्या पुढे, कानशिलावर बोट ठेवले तर एक नाडी लागते. ती टाळूच्या कातडीला रक्त देणारी धमनी. शस्त्रक्रियेत ही धमनी मोकळी करून घेतात, कवटीला छोटी खिडकी पाडतात आणि धमनीचे टोक मेंदूच्या पृष्ठभागावरील नसेला जोडतात. ही नस जेमतेम एक-दीड मिलिमीटर जाडीची असते. मायक्रोस्कोपखाली, केसापेक्षा बारीक धाग्याने टाके घालावे लागतात. बंद रस्त्याला वळसा घालून रक्त पुढे पोचवायचे, ही कल्पना.

तुर्की वंशाचे शल्यविशारद गाझी याशारगिल यांनी १९६७ साली स्वित्झर्लंडमधील झुरिच येथे ही शस्त्रक्रिया प्रथम केली. कल्पना इतकी पटण्यासारखी होती की पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ती अनेक देशांत होऊ लागली. पण ‘रक्त पोचले म्हणजे लकवा टळला’ हे कुणी तपासून पाहिले नव्हते.

तीन मोठे अभ्यास

ते तपासले कॅनडाचे मेंदूविकारतज्ज्ञ हेन्री बार्नेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. १,३७७ रुग्ण घेतले आणि चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला फक्त औषधे, दुसऱ्याला औषधे आणि बायपास. १९८५ मध्ये निकाल आला. जोडलेल्या नसांपैकी ९६ टक्के नसा चालू होत्या, म्हणजे शस्त्रक्रिया तांत्रिकदृष्ट्या यशस्वी होती. तरीही शस्त्रक्रिया झालेल्या गटात लकवे कमी झाले नाहीत. उलट ते लवकर आणि जास्त झाले.

यावर आक्षेप आला, की ज्यांच्या मेंदूला रक्त खरोखर कमी पडते असेच रुग्ण निवडायला हवे होते. आक्षेप रास्त होता. म्हणून अमेरिकेत पुन्हा अभ्यास झाला. मानेतील मुख्य धमनी पूर्ण बंद असलेले आणि खास स्कॅनमध्ये रक्तपुरवठा कमी दिसलेले १९५ रुग्ण निवडले. २०११ मध्ये निकाल जाहीर झाला. दोन वर्षांत त्याच बाजूचा नवा लकवा, किंवा पहिल्या महिन्यात कोणताही लकवा वा मृत्यू, याचे प्रमाण बायपास गटात २१ टक्के आणि औषध गटात सुमारे २३ टक्के निघाले. जवळजवळ सारखेच. पण पहिल्याच महिन्यात त्या बाजूचा लकवा बायपास गटात १४ टक्क्यांहून अधिक जणांना झाला, औषध गटात २ टक्क्यांना. फायदा होण्याची शक्यता दिसेना, म्हणून अभ्यास मुदतीआधीच थांबवला गेला.

तिसरा अभ्यास चीनमधील १३ केंद्रांवर झाला. त्यात ३२४ रुग्णांचा हिशेब मांडला आणि निकाल २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन वर्षांचे असेच एकत्रित प्रमाण बायपास गटात ८.६ आणि औषध गटात १२.३ टक्के होते, पण हा फरक योगायोगाचा नाही असे ठामपणे म्हणण्याइतका मोठा नव्हता. पहिल्या महिन्यातील लकवा किंवा मृत्यू बायपास गटात ६.२ टक्के, औषध गटात १.८ टक्के. पहिला महिना पार पडल्यावर मात्र बायपास झालेल्यांना त्या बाजूचे लकवे कमी झाले. म्हणून हा विषय संशोधकांसाठी संपलेला नाही. पण आज सर्वसामान्य रुग्णाला ‘बायपास कराच’ असे सांगण्याइतका पुरावा नाही.

स्टेंटबद्दलही हाच प्रश्न विचारला जातो. कवटीच्या आतली अरुंद नस स्टेंटने उघडण्याचा ४५१ रुग्णांचा अमेरिकी अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात महिनाभरात लकवा किंवा मृत्यू स्टेंट गटात १४.७ टक्के आणि औषध गटात ५.८ टक्के होते.

असे का झाले?

एक तर नस हळूहळू बंद होत असताना मेंदू आजूबाजूच्या लहान नसांतून स्वतःची पर्यायी वाट करून घेतो. दुसरे, अनेक लकवे गुठळीमुळे होतात. गुठळी होण्याचे मूळ कारण बायपासने जात नाही. तिसरे, आधीच नाजूक झालेल्या मेंदूवर भूल, शस्त्रक्रिया आणि रक्तदाबातील चढउतार यांचा ताण पडतो. आणि चौथे, गेल्या चाळीस वर्षांत औषधे पुष्कळ सुधारली.

बायपास कुणासाठी उपयोगी?

‘मोयामोया’ नावाच्या आजारात मेंदूच्या तळाच्या मोठ्या नसा कोणत्याही चरबीशिवाय हळूहळू बंद होत जातात. हा आजार लहान मुलांना आणि तरुणांनाही होतो. जपानी भाषेतल्या या शब्दाचा अर्थ धुरासारखे धूसर. अँजिओग्राफीत बारीक नसांचे जाळे तसे दिसते, म्हणून हे नाव. लहान मूल जोरात रडल्यावर त्याचा हात किंवा पाय थोडा वेळ लुळा पडत असेल, तर तपासणी झालीच पाहिजे. या आजारात बायपास हा मान्य उपचार आहे. नसेवरच्या मोठ्या फुग्याच्या किंवा गाठीच्या काही शस्त्रक्रियांत मूळ नस बंद करावी लागते, तिथेही बायपास लागते.

मानेतील धमनी साफ करण्याची शस्त्रक्रिया वेगळी आहे. लोक तिलाही बायपास म्हणतात आणि घोटाळा होतो. लकव्याची लक्षणे येऊन गेलेल्या आणि मानेतील नस ७० ते ९९ टक्के अरुंद असलेल्या रुग्णांत तिचा फायदा सिद्ध झालेला आहे. १९९१ च्या अभ्यासात दोन वर्षांत त्या बाजूच्या लकव्याचे प्रमाण २६ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आले. तो अभ्यासही बार्नेट यांच्याच नेतृत्वाखाली झाला. म्हणजे शस्त्रक्रिया वाईट आणि औषध चांगले, असा हा वाद नाही. प्रत्येक उपचार पुराव्यावर तपासायचा, एवढेच.

डॉक्टरांना काय विचारावे?

- नस नेमकी कुठे अरुंद आहे, मानेत की कवटीच्या आत? किती टक्के? की पूर्ण बंद?
- कारण चरबी आहे, मोयामोया आहे की आणखी काही?
- औषधे पूर्ण क्षमतेने चालू आहेत का? त्यांच्यावर राहिलो तर धोका किती?
- शस्त्रक्रियेनंतर पहिल्या महिन्यात धोका किती? या रुग्णालयात अशा किती शस्त्रक्रिया होतात?
- दुसऱ्या न्यूरोसर्जनचे मत घेण्याइतका वेळ आहे का?

हे प्रश्न नम्रपणे, वहीत लिहून नेऊन विचारा. चांगले डॉक्टर रागावत नाहीत. शस्त्रक्रिया खरोखर गरजेची असेल, तर ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते का, हे आरोग्यमित्राला आधी विचारा. वर्गणीचा विचार त्यानंतर.

खरा बचाव कशात आहे?

रक्तदाबाची गोळी, गुठळी होऊ न देणारी गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी, साखरेवर ताबा आणि तंबाखू, मिश्री, गुटखा, बिडी पूर्ण बंद. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे लोणचे, पापड, फरसाण यांतले मीठसुद्धा धरून. यात नाट्यमय काही नाही, म्हणून लोकांना हा उपचार वाटतच नाही. ‘आता बरे वाटते’ म्हणून गोळ्या बंद होतात आणि दुसरा लकवा येतो. वडिलांची गोळी रोज चुकू न देणारी मुलगी त्यांच्यासाठी कमी पडलेली नाही. पुरावा असलेला उपचार ती करते आहे.

आणखी एक गोष्ट प्रत्येकाने पाठ करावी. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे, अचानक तोल जाणे किंवा दिसेनासे होणे, यांपैकी काहीही झाले तर १०८ ला फोन करून सिटी स्कॅन असलेल्या रुग्णालयात न्या. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. त्रास दहा मिनिटांत थांबला तरी त्याच दिवशी दाखवा. पुढचे काही दिवस सर्वांत धोक्याचे असतात.

तेव्हा कार्यकर्त्यांना आमची सूचना साधी आहे. वस्तीत रक्तदाब मोजायचे एक यंत्र ठेवा. चाळिशीपुढच्या प्रत्येकाचा रक्तदाब मोजून वहीत लिहा. ज्यांच्या गोळ्या सुटल्या आहेत त्यांच्या घरी जा. एका शस्त्रक्रियेसाठी आपण जेवढी धावपळ करतो, तिच्या निम्मी जरी इथे केली, तरी अनेक घरांवर ती वेळच येणार नाही.