घोडीची पाठ

गेल्या लगनसराईत लष्करातल्या एका वरातीत मी नवरदेवाच्या घोडीलगतच चालत होतो. घोडी सारखी कान मागे टाकी, शेपटी आपटी; निघताना तंग आवळू लागले तेव्हा तर ती मोतद्दाराला चावायला धावली होती. ‘जात्याच खोडसाळ,’ असा निवाडा मंडळींनी देऊन टाकला. मीही मान डोलावली असती. पण वरात संपल्यावर जरीचे खोगीर खाली आले आणि पाठ उघडी पडली. आयाळ संपते तेथल्या उंचवट्यामागे दोन्ही अंगांना मूठ मावेल असे खळगे, आणि त्यांच्या कडेला पांढऱ्या केसांचे ठिपके. ‘उमर हो गई,’ मोतद्दार म्हणाला. घोडी नऊ वर्षांची, हेही त्यानेच सांगितले.

नऊ हे घोड्याचे ऐन उमेदीचे वय. खळगे वयाचे नव्हतेच, खोगिराचे होते. एका पशुवैद्य स्नेह्याने ते मला नीट समजावले. खोगिराचा आतला सांगाडा पाठीपेक्षा अरुंद असला की त्याची टोके खांद्यामागचे स्नायू चिमट्यात धरतात. दाबाखाली रक्त फिरत नाही, स्नायू हालचाल टाळतो आणि झिजतो. केसांना रंग देणाऱ्या पेशी मेल्या की तेथे पांढरेच केस उगवतात. वरातीत तर नवरदेव तास तास एकाच जागी, आणि समोर बँड!

पाठीचा मोठा लांब स्नायू कण्याच्या दोहों बाजूंनी जातो. तो मुळी चालण्यासाठी आहे, ओझ्यासाठी नाही. पोटाचे स्नायू आकसले की पाठ वर उचलली जाते आणि ओझे पेलते. पाठ दुखू लागली की घोडा डोके वर करून पाठ खाली सोडतो, आणि तोच लांब स्नायू दगडासारखा ताठ होतो. म्हणून खोगिराने कण्याला शिवता कामा नये, मधे मोकळी पन्हळ हवी; आणि भार शेवटच्या, म्हणजे अठराव्या बरगडीमागे जाता कामा नये.

दुसरा दोष मला चटकन कळला. खोगीर पुढे-मागे टेकते आणि मधे अधांतरी राहते. तंबोऱ्याच्या तारा जिच्यावरून जातात तिलाही आम्ही घोडीच म्हणतो. ती तबलीवर सबंध बसली नाही, तर जवारी कितीही घासा, सूर उघडत नाही. येथे सारे वजन चार टोकांवर येते.

मोतद्दाराने उपाय म्हणून खाली आणखी एक घोंगडी घातली होती. घट्ट जोड्यात दुसरा मोजा चढवावा, तसाच हा प्रकार. ‘खोगीरभरती’ आपण निकामी भरण्याला म्हणतो; पण ती भरती गाठीविना, सारखी असणे किती मोलाचे, हे घोड्यालाच ठाऊक.

झिजलेला स्नायू पुष्कळदा भरून येतो, पण महिने लागतात. आधी विश्रांती, मग ओझ्यावाचून, मान खाली सोडून चालवणे. आणि पाठ भरली की जुने खोगीर पुन्हा बसत नाही, ते वेगळेच.

पुढे मोतद्दार भेटला तेव्हा त्याला हे सांगितले. त्याने खळग्यात बोटे घालून पाहिली, बराच वेळ. त्याच्याकडे घोड्या तीन, खोगीर एक. आणि त्या महिन्यातल्या सात वराती अजून बाकी होत्या.