विश्लेषण : लाँग मार्चच्या फोटोंत फोड आलेल्या पायांपलीकडे काय दिसतं?

टाचेची कातडी सोललेली, तळव्याला फोड. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला चालत आलेल्या शेतकऱ्यांच्या पायांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून घराघरांत पोहोचले. मुंबईकर हेलावले. कुणी पाणी आणलं, कुणी बिस्किटं, कुणी चपला. पण त्या फोटोंमुळे एक समज रुजला, तो म्हणजे ही हतबल माणसांची गर्दी होती. त्याच दिवसांतले कमी फिरलेले फोटो वेगळं सांगतात.

मोर्चा कुणाचा होता?

माकपशी संलग्न अखिल भारतीय किसान सभेचा. डॉ. अशोक ढवळे, डॉ. अजित नवले, जे. पी. गावित ही त्यातली ठळक नावं. ६ मार्चला नाशिकच्या सीबीएस चौकातून निघालेले लोक सुमारे १८० किलोमीटर चालून १२ मार्चला आझाद मैदानात पोहोचले. सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवण भागातले आदिवासी शेतकरी त्यात मोठ्या संख्येने होते, बायकाही खूप.

फोटोंत काय आहे?

'पारी' या संकेतस्थळासाठी पार्थ एम. एन. यांनी वार्तांकन केलं आणि श्रीरंग स्वर्गे यांनी फोटो काढले. अशा फोटोंत रोजचा दिवस दिसतो. भर उन्हातली चाल, दुपारी सावली शोधून टेकलेली माणसं, रात्री उघड्या मैदानावर अंथरलेल्या चादरी. हजारो माणसांना रोज जेवायला घालायचं म्हणजे आधी हिशेब लागतो. गावागावांतून तांदूळ, डाळ, लाकूडफाटा जमवलेला होता. टेम्पो पुढे जायचे, मुक्कामी चुली पेटायच्या. थकलेल्या पायांनी रात्री नाचही व्हायचा.

डोक्यावर सोलर पॅनेल घेऊन चालणाऱ्या शेतकऱ्याचा फोटो तर जरूर शोधून पाहावा. चालता चालता मोबाइल चार्ज! बातम्यांमध्ये त्याचं कौतुक 'जुगाड' म्हणून झालं. खरं तर हे नियोजन होतं. घरी फोन लावायचा, मागे राहिलेल्यांना गाठायचं, तर चार्जिंग हवंच.

आणि ११ मार्चच्या रात्रीचे फोटो. दहावीच्या परीक्षार्थींची वाहतूक कोंडीत अडचण होऊ नये म्हणून दिवसभर चाललेले लोक मध्यरात्रीनंतर पुन्हा उठले आणि सोमय्या मैदानातून अंधारातच आझाद मैदानाकडे निघाले. इतक्या माणसांनी एका निरोपावर उठणं, हे वर्षानुवर्षं गावात चाललेल्या संघटनेशिवाय होत नाही.

मागणी काय होती?

कर्जमाफी होतीच, पण आदिवासींसाठी मुख्य प्रश्न वनजमिनीचा. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या जमिनीवर, जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंत, हक्क मिळू शकतो. तक्रार अशी की दावे फेटाळले जातात किंवा कसतात त्यापेक्षा फारच कमी क्षेत्र मंजूर होतं. पुरावा म्हणून उपग्रह छायाचित्र, गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब, शेतातला बांध, झोपडी हे सगळं नियमात बसतं. म्हणजे इथेही चित्राचाच प्रश्न: जमीन कसताना कुणी पाहिलं?

पुढे काय झालं?

सरकारने लेखी आश्वासन दिलं. वनहक्काचे दावे सहा महिन्यांत निकाली काढायचं ठरलं. परतीसाठी विशेष रेल्वेगाड्या सोडल्या गेल्या. फेब्रुवारी २०१९ मध्ये लोक पुन्हा नाशिकहून निघाले आणि नव्या लेखी आश्वासनानंतर थांबले. मार्च २०२३ मध्ये दिंडोरीहून निघालेला मोर्चा वाशिंदपर्यंत आला. त्या मोर्चाच्या मागण्यांतही वनजमीन होती.