पितळी समई, पडद्यावर घडवताना

भंडारा पितळी भांड्यांसाठी ओळखला जातो. अशा पितळी कामातली समई संगणकावर घडवायची, तर ब्लेंडर हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे.

बैठक, दांडी आणि तबक यांची अर्धी कडा काढून ती ‘स्क्रू’ मॉडिफायरने अक्षाभोवती फिरवा. लेथवर कातल्यासारखा गोल आकार मिळतो. प्रमाणं इथेच पक्की करा. बेढब दांडीवर कितीही नक्षी केली, तरी ती शोभत नाही.

मग कोरीवकाम. रेडियल सिमेट्री (गोल सममिती) 8 ठेवली, की एक पाकळी कोरताच उरलेल्या सात आपोआप उमटतात. ‘मल्टिरिझोल्यूशन’ मॉडिफायरच्या प्रत्येक पायरीला जाळीची पृष्ठं चौपट होतात : 1,000 पृष्ठांची जाळी पाचव्या पायरीला 10,24,000 वर जाते. म्हणून वेलबुट्टी शेवटी. शिखरावरचा मोर वेगळा घडवून जोडावा, कारण त्याला ही गोल सममिती चालत नाही.

या नमुन्यावरून प्रत्यक्ष पितळेचं ओतकाम करायचं असेल, तर साचा सुमारे दीड टक्का मोठा ठेवा. थंड होताना पितळ आकसतं. वाळूच्या साच्यात आत वळलेली नक्षी अडकते. तिथे मेणाचा नमुना वितळवून त्याच्या जागी पितळ ओतण्याची जुनी पद्धतच खरी.