नागपूर–छत्रपती संभाजीनगर : हवाई अंतर आणि उड्डाणाचा वेळ

नागपूरहून छत्रपती संभाजीनगर किती दूर, या प्रश्नाचे उत्तर प्रवासाच्या साधनानुसार बदलते. मनमाडमार्गे रेल्वेने जावयाचे तर हे अंतर सुमारे ६९० किलोमीटर भरते. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाल्यापासून मोटारीने ते सुमारे साडेचारशे किलोमीटरवर आले आहे. नागपूरचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर विमानतळ आणि चिकलठाणा विमानतळ यांमधील सरळ हवाई अंतर मात्र अवघे ४०४ किलोमीटर, म्हणजे २१८ सागरी मैल आहे. (एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर.) मुंबईत विमान बदलून गेल्यास हेच अंतर ९६० किलोमीटरच्या घरात जाते.

अंतराला वेगाने भागले की वेळ मिळतो, हे शालेय गणित येथे पुरेसे ठरत नाही. ताशी ५०० किलोमीटर वेगाच्या पंख्याच्या विमानाला ४०४ किलोमीटरसाठी सुमारे ४८ मिनिटे लागावीत. तथापि, हा वेग हवेच्या सापेक्ष असतो. हिवाळ्यात या पट्ट्यात उंचावर पश्चिमेचे वारे वाहतात. असा वारा ताशी ५० किलोमीटर असला, तर नागपूरहून पश्चिमेकडे जाताना ५४ मिनिटे लागतील व परतताना ४४. एकाच मार्गाच्या जाण्या-येण्याच्या वेळांत फरक दिसतो तो यामुळेच.

शिवाय विमान वर चढताना पूर्ण वेग घेत नाही आणि उतरण्यापूर्वी बरेच आधीपासून वेग कमी करते. जेट विमानाचा वेग दीडपटीहून अधिक असला, तरी एवढ्या लहान पल्ल्यात पूर्ण उंची गाठताच उतरण्याची वेळ येते, आणि बचत जेमतेम दहा-पंधरा मिनिटांची होते. धावपट्ट्यांची दिशा हीही विचारात घ्यावी लागते. नागपूरची धावपट्टी वायव्य-आग्नेय आहे. त्यामुळे उड्डाणानंतर विमानाला वळण घेऊन मार्गाला लागावे लागते. चिकलठाण्याची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. वारा पश्चिमेचा असेल तर नागपूरहून आलेले विमान जवळजवळ सरळ उतरू शकते; वारा पूर्वेचा असल्यास त्याला सामान्यतः वळसा घालून पश्चिमेकडून यावे लागते. वेळापत्रकातील वेळ तर विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा असतो. म्हणून ४८ मिनिटांचे उड्डाण तेथे सव्वा तासाच्या आसपास दिसते.

प्रवाशाच्या दृष्टीने या दहा-वीस मिनिटांचे फारसे महत्त्व नाही. अवयवदानात मात्र ती निर्णायक ठरतात. अवयवांच्या वाटपासाठी राज्यात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे विभागीय समन्वय केंद्रे आहेत. मूत्रपिंड थंड अवस्थेत सुमारे चोवीस तास टिकू शकते. हृदयाला प्रचलित पद्धतीत साधारण चारच तास मिळतात. ही मुदत हृदयाचा रक्तपुरवठा थांबल्यापासून मोजली जाते व दुसऱ्या शरीरात तो सुरू झाल्यावरच संपते. अवयव काढणे, रुग्णवाहिका, उड्डाण, पुन्हा रुग्णवाहिका आणि प्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया हे सर्व तेवढ्यात बसवावे लागते. सडकेने या दोन शहरांत सुमारे पाच तास लागत असल्याने तो मार्ग आपोआपच बाद होतो. विमानाने सव्वा तास गेला, तरी पावणेतीन तासच उरतात. वाऱ्यामुळे वाढणारी मिनिटे कोणाच्या हाती नसतात. रुग्णालय ते विमानतळ हा रस्ता पोलिसांनी आधीच मोकळा ठेवणे तेवढे शक्य असते.