लग्नाची कॅसेट आणि नवा टीव्ही

पावसाळा सरला की मालगुंडात आपण कपाटातल्या साड्यांना ऊन दाखवतो. त्याच कपाटात लग्नाची व्हिडिओ कॅसेट किंवा सीडी असेल, तर आज तिच्याविषयी बोलू.

आपल्याकडचा जुना टीव्ही ‘पाल’ पद्धतीचा होता. सेकंदाला २५ चित्रं आणि प्रत्येक चित्र ६२५ आडव्या रेषांचं. त्यातल्या ५७६ रेषा चित्राच्या. कॅसेटही त्याच पद्धतीची. डिजिटलमध्ये मात्र ठिपके मोजतात. व्हीसीडीच्या एका चित्रात साधारण १ लाख ठिपके, डीव्हीडीच्या चित्रात ४ लाखांवर, तर फुल एचडी पडद्यावर २० लाखांहून अधिक. व्हीसीडीचे १ लाख ठिपके एवढ्या पडद्यावर पसरले की चित्र पुसट दिसणारच. टीव्ही बिघडलेला नसतो.

दुसरी गोष्ट आकाराची. जुनं चित्र ४ बाय ३, नवा पडदा १६ बाय ९. पडदाभर ताणलं की नवरी उगाच जाडी दिसते. रिमोटवरून चित्राचा आकार ४ बाय ३ करा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या म्हणजे चित्र बरोबर आहे.

पेनड्राइव्ह लावला आणि चित्रच आलं नाही, असंही होतं. ‘एमपीफोर’ हे नुसतं डब्याचं नाव. आत चित्र कोणत्या पद्धतीने दाबून भरलंय, ते टीव्हीला उलगडता यावं लागतं. एच.२६४ ही पद्धत बहुतेक टीव्हींना जमते, नंतरची एच.२६५ जुन्या टीव्हींना जमत नाही.

म्हणून कॅसेट उतरवून घेताना दुकानदाराला तीन गोष्टी सांगा: माप ७२० बाय ५७६, आकार ४ बाय ३, आणि एमपीफोरमध्ये एच.२६४. ‘एचडी करून देतो’ म्हणून कुणी जास्त पैसे मागितले, तर लक्षात ठेवा: कॅसेटमध्ये जे टिपलंच नाही, ते नंतर आणता येत नाही.

हे काम लांबवू नका. खाऱ्या, दमट हवेत फितीला बुरशी धरते. पांढरे डाग दिसले तर कॅसेट यंत्रात घालू नका, आधी जाणकाराकडून साफ करून घ्या. व्हीसीआर यंत्रांचं उत्पादनही २०१६ साली थांबलं. आहेत ती यंत्रं चालू आहेत तोवरच सोय. उतरवलेल्या प्रती दोन ठेवा, एक घरी आणि एक लेकीकडे किंवा भावाकडे. त्या मांडवातली कितीतरी माणसं आज नाहीत. त्यांचं चालणं-बोलणं कदाचित त्या एकाच फितीवर उरलं असेल.